बॉम्ब फुटतो, पूल उडतो: स्फोटाचे इंग्रजी शब्द ग्रीकमध्ये नेताना

मुंबईहून ग्रीक मालकांच्या जहाजांवर जाणारे खलाशी आणि इंजिनिअर ही काही आजची गोष्ट नाही. त्यांच्या मागोमाग कागदही ये-जा करतात: अपघाताचे अहवाल, ड्राय डॉकमधल्या कामांच्या याद्या, धोकादायक मालाची पत्रकं. लिहिलेले इंग्रजीत असतात आणि कधीकधी पिरेअसच्या, म्हणजे अथेन्सजवळच्या बंदरातल्या, कचेरीला ते ग्रीकमध्ये हवे असतात. माझगावात बसून मी हे काम पुष्कळ वर्षं करते आहे. ग्रीक शिकून या कामात नव्यानं येणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे, आणि मुद्दाम एकाच विषयावर लिहिते आहे: स्फोट. कारण याच विषयात मी सुरुवातीला सर्वांत वाईट चूक केली होती.

दुरुस्तीच्या यादीत जहाजाच्या तळाच्या 'ब्लास्टिंग'चं कलम होतं. मी तिथे ग्रीकमधला स्फोटाचा शब्द लिहून मोकळी झाले. जहाजाच्या पत्र्यावरचा गंज आणि जुना रंग काढायला जोरानं वाळू किंवा खडीचा चुरा मारतात, ते हे काम. ग्रीकमध्ये त्याला 'आमोवोलिऽ' म्हणतात, म्हणजे अक्षरशः वाळूफेक. पाण्याच्या माऱ्यानं केलं तर 'इद्रोवोलिऽ'. माझ्या कागदाप्रमाणे मात्र त्या जहाजाच्या तळाशी स्फोटकं लावायची होती. तिकडच्या माणसानं फोन करून शांतपणे विचारलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आणि ती अजून मोडलेली नाही. खाली जे सांगते ते सगळं त्या सवयीभोवतीच फिरतं.

आधी लिहिण्याची सोय सांगते. ग्रीक शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. ग्रीकमध्ये आपल्यासारखं ऱ्हस्व-दीर्घ नाही, जोर मात्र आहे, आणि प्रत्येक शब्दात तो ठरलेल्या जागी पडतो. ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्यापुढे मी अवग्रह घातला आहे. थ, द, घ ही अक्षरं ग्रीकमध्ये जरा घासून उच्चारतात, ते कानानं शिकायचं. हा जोर वरवरचा समजू नका. स्फोट म्हणजे 'एऽक्रिक्सि'. 'स्फोटाचा' म्हणायचं तर 'एऽक्रिक्सिस'. 'स्फोट' अनेक झाले तर 'एक्रिऽक्सिस'. शेवटचे दोन शब्द म्हणून पाहा. दोघांत फरक फक्त जोराचा. ग्रीक लिपीत त्यांचं स्पेलिंग वेगळं आहे, पण फोनवर कुणी सांगत असेल तर एक स्फोट की अनेक, हे जोरच सांगतो.

पहिली पायरी: इंग्रजी शब्द बाजूला ठेवा आणि वाक्य मराठीत म्हणा

हीच ती सवय. इंग्रजी 'एक्स्प्लोड', 'ब्लो अप', 'ब्लास्ट', 'बर्स्ट', 'गो ऑफ' यांच्या याद्या करून प्रत्येकासमोर एकेक ग्रीक शब्द लिहायला गेलात तर हरवाल. त्याऐवजी घडलेली गोष्ट मराठीत, घरी सांगतो तशी, मोठ्यानं सांगा. मराठीत आपण आपसूक वेगळी क्रियापदं वापरतो. बॉम्ब फुटतो. पूल उडतो. इमारत पाडतात. टायर फुटतं. कुकर उडतो. आणि यातलं बरंचसं वर्गीकरण ग्रीकशी जुळतं, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त.

यामागे शब्दांची घडण आहे. आपला 'स्फोट' संस्कृत 'स्फुट्'पासून, म्हणजे फुटणं, उकलणं. ग्रीक 'एऽक्रिक्सि' तशीच: 'एक' म्हणजे बाहेर, आणि 'रिऽक्सि' म्हणजे फाटणं, तडकणं. भूकंपातल्या भेगेला ग्रीक 'रिऽघ्मा' म्हणतात, तोही याच घरातला. इंग्रजी 'एक्स्प्लोड'चं मूळ मात्र लॅटिनमधल्या टाळ्यांत आहे. नाटकगृहात टाळ्या वाजवून नटाला रंगमंचावरून हाकलून लावणं, असा त्याचा मूळ अर्थ. फुटण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणून मराठीतून ग्रीकमध्ये जाणं हा मला वळसा वाटत नाही. जवळची वाट तीच आहे.

दुसरी पायरी: काय फुटलं आणि काय उडालं, ते वेगळं करा

इथे थोडं थांबू, कारण निम्मं काम इथेच आहे.

'एऽक्रिक्सि' हा फुटणाऱ्या वस्तूचा शब्द. बॉम्ब, बॉयलर, गॅसचा सिलिंडर, दारूचं कोठार यांची एऽक्रिक्सि होते. क्रियापद जुन्या ग्रीकमधून आलेलं आणि चालवायला अवघड आहे, पण बातम्यांत आणि अहवालांत त्याचं भूतकाळातलं एकच रूप सतत भेटतं: 'एक्सेराऽयि', म्हणजे 'फुटला, स्फोट झाला'. अनेक असतील तर 'एक्सेराऽयिसान'. ही दोन रूपं पाठच करून टाका.

'अनातिऽनाक्सि' हा उडणाऱ्या वस्तूचा शब्द. 'अना' म्हणजे वर, आणि 'तिनाऽझो' म्हणजे झटकणं, भिरकावणं. सतरंजी झटकतात तेच क्रियापद. पूल, इमारत, रेल्वेमार्ग यांची अनातिऽनाक्सि होते. बोलताना ग्रीक माणूस 'हवेत झटकलं' असंही म्हणतो, आणि आपण 'उडवून दिलं' म्हणतो. किती जवळ आहे पाहा.

ग्रीकांच्या इतिहासात याची ठळक उदाहरणं आहेत. 25 नोव्हेंबर 1942 च्या रात्री ग्रीक प्रतिकारवीर आणि ब्रिटिश सैनिकांनी मिळून गोर्गोपोतामोस नदीवरचा रेल्वेपूल उडवला. ग्रीकमध्ये या घटनेचं नावच 'पुलाची अनातिऽनाक्सि' असं आहे. तिथे कुणी 'पुलाची एऽक्रिक्सि' लिहिलं तर पूलच स्फोटक होता असं वाटेल. नोव्हेंबर 1866 मध्ये क्रीट बेटावरच्या आर्कादी मठात अडकलेल्या लोकांनी शरण जाण्याऐवजी स्वतःच दारूचं कोठार पेटवलं. तिथेही ग्रीक पाठ्यपुस्तकं अनातिऽनाक्सि म्हणतात, कारण ते कुणीतरी ठरवून केलेलं होतं.

आणि एकाच घटनेत दोन्ही शब्द कसे येतात ते पार्थेनॉनमध्ये दिसतं. 26 सप्टेंबर 1687 ला व्हेनिसच्या सैन्यानं अथेन्सच्या टेकडीवर तोफगोळे डागले. तुर्कांनी पार्थेनॉनमध्ये दारूगोळा साठवला होता. गोळा आत पडला, दारूची एऽक्रिक्सि झाली आणि मंदिराचा मोठा भाग उडाला. दारू फुटली, देऊळ उडालं. मराठीत हे वाक्य नीट लिहिता आलं की ग्रीक आपोआप नीट येतं.

मग पाडणं राहिलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा, लोणावळ्याजवळचा जुना अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये नियंत्रित स्फोटांनी पाडला. आपण 'पूल उडवला' म्हणालो नाही, 'पाडला' म्हणालो, कारण तो वाहतुकीच्या सोयीसाठी, सरकारी हुकमानं झालेला होता. ग्रीकही इथे तसाच विचार करतो: 'कातेदाऽफिसि', म्हणजे पाडकाम, आणि पुढे 'स्फोटकांच्या साह्यानं' असं जोडतो. पोलीस सापडलेली संशयास्पद बॅग मुद्दाम फोडून टाकतात, ती मात्र 'नियंत्रित एऽक्रिक्सि'. म्हणजे हेतू असूनही इथे अनातिऽनाक्सि येत नाही, कारण बॅग उडवायची नसते, तिच्यातला धोका फोडून संपवायचा असतो. असे अपवाद वाचून वाचूनच कळतात.

तिसरं क्रियापद घरगुती आहे: 'स्काऽओ'. टायर, फुगा, पाण्याचा पाइप, फटाका यांच्यासाठी. 'एऽस्कासे तो लाऽस्तिखो', टायर फुटलं. बोलताना बॉम्बलाही हे लावतात, पण अहवालात नको. आणि जपून: याचंच आज्ञार्थी रूप 'स्काऽसे' म्हणजे 'गप्प बस', तेही उद्धटपणे.

स्काऽओच्या बाबतीत मराठी कान कुठे फसवतो तेही इथेच सांगते. ओठांवर हसू फुटलं, हे ग्रीकमध्ये स्काऽओनं छान सांगता येतं. पण 'बातमी फुटली' म्हणजे आपल्याकडे वेळेआधी बाहेर गेली, 'पेपर फुटला' म्हणजे परीक्षेचा पेपर आधीच हाती लागला. ग्रीकमध्ये बातमीला स्काऽओ लावलं तर ती अचानक येऊन धडकली असा अर्थ होतो. आपल्या अर्थानं फुटण्याला 'दिआरोइऽ', म्हणजे गळती, हा शब्द घ्यायचा.

तिसरी पायरी: 'बॉम्बिंग' आलं की हात थांबवा

या पायरीवर मुंबईच्या माणसानं सर्वांत जास्त काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. 12 मार्च 1993 ला या शहरात एकामागून एक स्फोट झाले, 257 माणसं गेली. इंग्रजीत त्या दिवसाविषयी 'बॉम्बिंग्ज' असं लिहितात. ग्रीकमध्ये 'वोम्वार्दिज्मोऽस' हा शब्द दिसायला त्याचा जुळा भाऊ वाटतो, आणि नवखा अनुवादक तोच उचलतो. पण वोम्वार्दिज्मोऽस म्हणजे विमानांतून बॉम्बफेक किंवा तोफांचा भडिमार. ग्रीक वाचकाला वाटेल की मुंबईवर विमानं चालून आली होती. ठेवलेल्या, गाडीत लपवलेल्या बॉम्बच्या हल्ल्याला 'वोम्विस्तिकिऽ एपिऽथेसि' म्हणायचं. आपल्या 'बॉम्बस्फोट' आणि 'बॉम्बफेक' यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच या दोघांत आहे. पुन्हा तेच: वाक्य आधी मराठीत म्हटलं असतं तर चूक झालीच नसती.

ग्रीकमध्ये बॉम्ब म्हणजे 'वोऽम्वा'. तिथल्या लिपीतलं जे अक्षर आपण पुस्तकात 'बीटा' म्हणून शिकतो त्याचा आजचा उच्चार 'व' आहे. या शब्दाची यात्रा मोठी आहे: प्राचीन ग्रीकमध्ये 'बोंबोस' म्हणजे घुमणारा, गुणगुणणारा आवाज. तो लॅटिनमध्ये गेला, तिथून इटालियन आणि फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत, आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे 'बॉम्ब' होऊन आला. ग्रीकमध्येही तो परदेश फिरून परत आला. असे माघारी आलेले शब्द ग्रीकमध्ये इतके आहेत की त्यांना एक खास नाव आहे: 'आन्दिदाऽनिओ', उलट उसनवारी. डायनामाइट त्यातलाच. नोबेलनं 1867 मध्ये पेटंट घेतलं तेव्हा ग्रीक 'दिऽनामि', म्हणजे शक्ती, यावरून नाव ठेवलं, आणि ग्रीकांनी ते 'दिनामिऽतिस' करून परत घरात घेतलं.

आता शहराचं नाव. ग्रीकमध्ये बॉम्बे म्हणजे 'वोम्वाऽइ', आणि आजही ते सर्रास लिहितात. नावाचा आणि बॉम्बचा काडीचाही संबंध नाही, पण 'वोऽम्वा' आणि 'वोम्वाऽइ' शेजारी आले की वाचणारा अडखळतो. मी पाळते तो नियम असा: 1995 मध्ये नाव बदलण्याआधीच्या घटनांसाठी वोम्वाऽइ, नंतरच्या घटनांसाठी 'मुम्बाऽइ'. शिवाय वाक्यात हे दोन शब्द एकमेकांपासून लांब ठेवते.

चौथी पायरी: वस्तूंची नावं एकेक तपासा

इथे मूळ शब्दाचे इंग्रजीत अनेक अर्थ असतात आणि ग्रीकमध्ये प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द. 'फ्यूज' घ्या. घरातल्या विजेचा फ्यूज म्हणजे 'आस्फाऽलिया', ज्याचा मूळ अर्थ सुरक्षितता, आणि विम्यालाही हाच शब्द. स्फोटकाची वात म्हणजे 'थ्रिआलिऽदा', किंवा साध्या बोलीत 'फितिऽलि'. हा फितिऽलि अरबीतून तुर्कीमार्गे ग्रीसला गेला, आणि त्याच अरबी शब्दाचा दुसरा फाटा आपल्याकडे 'पलिता' होऊन आला. तोफगोळ्याच्या टोकाला बसवतात तो फ्यूज पुन्हा निराळा, 'पिरोसोलिऽनास'. म्हणजे एका इंग्रजी शब्दाला तीन ग्रीक शब्द, आणि चुकीचा निवडला तर बॉम्बला विमा उतरवल्यासारखं वाक्य होतं.

'चार्ज' तसाच. स्फोटकाचा भरणा 'घोऽमोसि', विजेचा प्रभार वेगळा, कोर्टातला आरोप वेगळा. 'मॅगझिन' म्हणजे दारूचं कोठार असेल तर 'पिरितिदापोथिऽकि'. लांबलचक शब्द, पण फोड केली की सोपा: 'पिरिऽतिदा' म्हणजे तोफेची दारू, 'आपोथिऽकि' म्हणजे कोठार. आमच्या इथून रे रोडकडे गेलं की जुनी जहाजं तोडतात ती जागा लागते, दारूखाना. नाव तेच आहे, अक्षर न अक्षर जुळणारं. ग्रीक वर्तमानपत्रांत बाल्कन देशांना 'युरोपची पिरितिदापोथिऽकि' म्हणायची पद्धत आहे.

डिटोनेटर म्हणजे 'पिरोक्रोतितिऽस': 'पिर' अग्नी, 'क्रोऽतोस' कडाड असा आवाज. तोफगोळा 'ओविऽदा'. हातबॉम्ब 'हिरोवोम्विऽदा', यात 'हिरो' म्हणजे हात, शूर वीर नाही.

'माइन' म्हणजे सुरुंग. समुद्रातला असो की जमिनीतला, ग्रीक 'नाऽर्कि'. मूळ अर्थ बधिरपणा. अंगाला झिणझिण्या आणणाऱ्या विजेच्या माशालाही प्राचीन ग्रीक याच नावानं ओळखत. खाणीत किंवा रस्त्याच्या कामात खडक फोडायला भोक पाडून लावतात त्या सुरुंगाला मात्र 'फुर्नेऽलो'. आणि आपला 'सुरुंग' हा शब्द? संस्कृत 'सुरुङ्गा'पासून, आणि तो ग्रीक 'सीरिंक्स'वरून आला असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. बासरी, नळी, मग भुयार असा त्याचा प्रवास. आजच्या ग्रीकमध्ये त्याच घराण्यातला 'सिऽरिंगा' म्हणजे इंजेक्शनची सिरिंज. म्हणून सुरुंगासाठी मुळाकडे धाव घेऊ नका, अर्थाकडेच बघा.

स्फोटाच्या दणक्यानं जी हवा ढकलली जाते, काचा फोडते, माणसं आपटते, तिला इंग्रजी 'ब्लास्ट' किंवा 'शॉक वेव्ह' म्हणतं. ग्रीक बातम्यांत 'ओस्तिकोऽ किऽमा', ढकलणारी लाट. 4 ऑगस्ट 2020 ला बैरूतच्या बंदरात सुमारे 2,750 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा ग्रीक वाहिन्यांवर हा शब्द दिवसभर ऐकू येत होता. आणि लोखंडाची 'ब्लास्ट फर्नेस' म्हणजे 'इप्सिकाऽमिनोस', उंच भट्टी. आपण झोतभट्टी म्हणतो. तिथे स्फोटाचा मागमूस नाही.

बॉम्ब निकामी करणं म्हणजे 'एक्सुदेतेऽरोसि'. फेब्रुवारी 2017 मध्ये थेसालोनिकी शहरात दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला आणि तो काढण्यासाठी सुमारे 70 हजार लोकांना घरं सोडावी लागली. त्या दिवसांतल्या बातम्या मिळवून वाचा, या विषयाची अर्धी शब्दसंपत्ती एका जागी मिळेल. हे काम करणारा माणूस 'पिरोतेख्नुर्घोऽस'. शब्दाची फोड करून त्याला शोभेच्या दारूकामाचा कारागीर समजू नका. बातमीत तो आपल्या बॉम्ब शोधक व नाशक पथकातला माणूस असतो.

फटाक्यांवर इथे जास्त बोलत नाही, पण एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. शोभेच्या दारूला ग्रीकमध्ये 'पिरोतेख्निऽमाता' म्हणतातच, पण रंगीत उजेड देणाऱ्या दारूला 'वेंगालिकाऽ' म्हणतात, म्हणजे 'बंगालची'. ईस्टरला वाजवतात ते मोठे फटाके 'वारेलोऽता', आणि लहानसे, आपल्या लवंगीसारखे, 'स्त्राकास्त्रुऽकेस'. नुसतं म्हटलं तरी माळ लागल्यासारखी वाटते.

पाचवी पायरी: तांत्रिक कागदात स्वतःचं डोकं चालवू नका

वर जे सांगितलं ते बातम्या, इतिहास, गोष्टींसाठी. सुरक्षेच्या कागदांत मात्र शब्द निवडण्याचा हक्क आपल्याला नाही. ग्रीस 1 जानेवारी 1981 ला युरोपीय समुदायात गेला. तेव्हापासून त्या समुदायाचे कायदे ग्रीकमध्येही अधिकृतपणे निघतात, आणि युरोपीय संघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजी आणि ग्रीक मजकूर शेजारी शेजारी उघडता येतो. तो उघडा आणि जसाच्या तसा उतरवा.

रसायनांच्या लेबलांवरची धोक्याची वाक्यं क्रमांकासकट ठरलेली आहेत. एच 201 मध्ये 'संपूर्ण साठ्याचा एकदम स्फोट होण्याचा धोका' याला ग्रीकमध्ये एऽक्रिक्सि आहे. एच 240 म्हणजे तापवल्यास स्फोट होऊ शकतो, तिथेही एऽक्रिक्सि. तुम्हाला अधिक सुंदर वाक्य सुचलं तरी ते लिहायचं नाही. आगीच्या वेळी माणूस ओळखीचं वाक्य शोधत असतो.

स्फोट होऊ शकेल अशा वायूमिश्रित हवेला युरोपीय निर्देशात 'एक्रिऽक्सिमि आत्मोऽस्फेरा' म्हटलं आहे, म्हणजे स्फोटक्षम वातावरण. नवखे लोक 'एक्रिक्तिकिऽ' लिहितात, जो ग्रीक वर्तमानपत्रांत तापलेल्या सभेसाठी किंवा फुटबॉलच्या मैदानातल्या वातावरणासाठी येतो. अशा जागेत वापरायच्या दिव्याला आणि मोटरला 'आन्दिएक्रिक्तिकोऽस' हे विशेषण लावतात. जहाजाच्या इंजिनखोलीतला जो स्फोट सगळ्यांत भीतीचा, क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो त्या पेटीचा, तो म्हणजे 'स्त्रोफालोथालाऽमु'ची एऽक्रिक्सि. मूळ शब्द 'स्त्रोफालोथाऽलामोस', पण षष्ठीत जोर पुढे सरकतो. फ्लॅश पॉइंटचं, म्हणजे द्रवाची वाफ पेट घेऊ शकते त्या तापमानाचं, भाषांतर 'प्रज्वलनाचा बिंदू' अशा अर्थाच्या ठरलेल्या ग्रीक संज्ञेनंच करायचं, तिथे स्फोटाचा शब्द आणायचा नाही.

आतल्या बाजूला चेपत फुटण्याला, इम्प्लोजनला, 'एन्दोऽरिक्सि'. 'एन्दो' म्हणजे आत, बाकी शब्द ओळखीचा झालाच आहे. मराठीत अंतःस्फोट. जून 2023 मध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे गेलेल्या पाणबुडीचं जे झालं ते हे.

सहावी पायरी: अलंकारिक वाक्यं

हे पटकन आटपते. ग्रीक एऽक्रिक्सि आपल्या स्फोटापेक्षा लांब पसरलेली आहे. आपण ज्वालामुखीचा उद्रेक म्हणतो, ग्रीकमध्ये तीही एऽक्रिक्सिच. आपण युद्धाला तोंड फुटलं म्हणतो, ग्रीकमध्ये युद्धाची एऽक्रिक्सि. लोकसंख्येची एऽक्रिक्सि, आपल्यासारखीच. विश्वाच्या आरंभीचा महास्फोट म्हणजे 'मेघाऽलि एऽक्रिक्सि'. रागाचा भडका किंवा रडण्याचा बांध फुटणं यासाठी मात्र 'क्सेऽस्पास्मा' जास्त बरं लागतं. आग लागणं, साथ पसरणं, वादळ कोसळणं यांनाही त्याचंच क्रियापद.

ग्रीकांनी स्वतःच्या ज्या शस्त्राला आपण 'ग्रीक फायर' म्हणतो त्याला ग्रीक हे विशेषण कधी लावलं नाही. सातव्या शतकापासून बायझंटाइन आरमार ते वापरत होतं, आणि ग्रीकमध्ये त्याचं नाव 'इघ्रोऽ पिर', द्रव अग्नी.

शेवटची पायरी: ग्रीक माणसाला वाचून दाखवा, मग एक पूर्ण परिच्छेद करून पाहा

कितीही वर्षं झाली तरी मी माझा मजकूर ग्रीक मातृभाषा असलेल्या वाचकाकडून तपासून घेतल्याशिवाय पाठवत नाही. तुम्हीही पाठवू नका, आणि त्या वाचकाचे पैसे दर ठरवतानाच धरा. त्याला मजकूर पाठवताना प्रत्येक स्फोटापुढे समासात मराठीत लिहून ठेवा: 'फुटलं', 'उडालं', 'पाडलं'. त्याला मराठी कळत नाही, पण त्यानं 'हे असं का?' विचारलं तर तुम्हाला उत्तर देता येतं.

सरावासाठी मी नव्या लोकांना आमच्याच भागातली घटना देते. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं. दुपारी आग लागली, चारनंतर जहाज उडालं, थोड्या वेळानं दुसरा स्फोट झाला. पेटत्या गासड्या गोदीवर आणि वस्तीवर येऊन पडल्या.

पहिलं वाक्य: 'आग लागली'. इंग्रजीत 'ब्रोक आउट', ग्रीकमध्ये 'क्सेऽस्पासे पिर्कायाऽ'. इथे स्फोटाचा शब्द घालायची घाई नको, आग आणि स्फोट यांत दोन तासांचं अंतर होतं आणि त्या दोन तासांतच सगळी गोष्ट आहे. दुसरं: स्फोटकं फुटली, 'एक्सेराऽयिसान'. तिसरं: जहाज उडालं, 'अनातिनाऽख्थिके'. कुणी हेतुपूर्वक केलं नव्हतं, तरी जहाज ही उडालेली वस्तू, म्हणून हे क्रियापद चालतं. नाम घेतलंत तर मात्र कुणीतरी सुरुंग लावल्यासारखं वाटेल, म्हणून नामाच्या जागी 'एऽक्रिक्सि'च ठेवा. गावाच्या जागी 'वोम्वाऽइ', कारण साल 1944. कापसाला ग्रीकमध्ये 'वाम्वाऽकि' म्हणतात, तेव्हा एकाच वाक्यात वोम्वाऽइ, वाम्वाऽकि आणि वोऽम्वा येऊ देऊ नका. तीन वाक्यं करा.

शेवटचं वाक्य अग्निशमन दलाच्या 66 जवानांचं आहे, जे ती आग विझवायला गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. इंग्रजी मजकुरात 'किल्ड इन द एक्स्प्लोजन' असतं. त्याचं सरळ ग्रीक 'स्कोतोऽथिकान', म्हणजे मारले गेले, आणि ते चूक नाही. पण मराठीत म्हणून पाहिलं तेव्हा माझ्या तोंडी 'कामी आले' असं आलं. ग्रीक लोक कर्तव्यावर असताना गेलेल्यांना 'एऽपेसान' म्हणतात, म्हणजे 'पडले'. मी तेच लिहिलं, आणि माझ्या ग्रीक वाचकानं तिथे एकही खूण केली नाही.